अडीचशे वर्षांपूर्वीचे एक भाषण मराठीत आणताना

आमच्या वाचनगटात बारा-तेरा जण आहेत. गेली काही वर्षे २३ मार्चच्या संध्याकाळी आम्ही एकत्र बसून हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्याविषयी काही ना काही वाचतो. राजगुरू आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे. आज त्या गावाचे नावच राजगुरुनगर आहे. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह त्यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. या दिवशी आमच्याकडे हारतुरे नसतात आणि पाहुणेही नसतात; वाचायचे, थोडे बोलायचे आणि घरी जायचे, एवढाच आमचा परिपाठ आहे.

२०२५ च्या जानेवारीतल्या बैठकीत मी एक प्रस्ताव मांडला. पॅट्रिक हेन्री यांनी अमेरिकेतील, तेव्हा इंग्रजांची वसाहत असलेल्या व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींपुढे केलेले, ‘स्वातंत्र्य किंवा मृत्यू’ या शेवटामुळे जगभर प्रसिद्ध झालेले भाषण २३ मार्च १७७५ रोजी झाले, असे मानले जाते. म्हणजे येत्या २३ मार्चला त्या भाषणाला २५० वर्षे पूर्ण होणार होती. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले आणि या भाषणाचा शेवट कित्येक वर्गांपुढे वाचून दाखवला. पण ते संपूर्ण मराठीत आणून मोठ्याने वाचावे, असे तोवर कधी सुचले नव्हते. गटातल्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी लगेच हरकत घेतली. “बाई, भाषण चांगलेच आहे, पण दिवस आपल्या हुतात्म्यांचा आहे. त्या दिवशी परक्या देशातल्या पुढाऱ्याची आठवण कशासाठी काढायची?”

ही हरकत क्षुल्लक नव्हती आणि माझ्यापाशी त्या वेळी उत्तरही नव्हते. उत्तर मिळाले ते पुढे काही दिवसांनी, आणि तेही भगतसिंगांकडूनच. लाहोरच्या तुरुंगात असताना ते एका वहीत आपल्या वाचनातले उतारे लिहून ठेवीत असत. ती वही पुढे छापली गेली असून तिच्यात पॅट्रिक हेन्री यांच्या याच भाषणाच्या अखेरीच्या ओळी उतरवून घेतलेल्या आहेत. ज्यांच्या स्मरणासाठी आम्ही जमतो, त्यांच्यापैकी एकाने फाशीची वाट पाहत असताना हे शब्द जवळ बाळगले होते. मी वकीलसाहेबांना फोन करून हे सांगितले, तेव्हा ते काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग अवश्य वाचा. फक्त ते आधी वाचा. शेवट राजगुरूंपाशी होऊ द्या.” कार्यक्रमाचा क्रम तेव्हाच ठरला आणि तो योग्यच होता.

भाषांतराला बसण्याआधी आपण नेमके कशाचे भाषांतर करणार आहोत, हे पाहणे भाग होते. हेन्री यांनी हे भाषण लिहून काढलेले नव्हते आणि सभेत ते कोणी शब्दशः टिपूनही घेतले नाही. आज उपलब्ध असलेली संहिता विल्यम वर्ट यांनी लिहिलेल्या हेन्री यांच्या चरित्रातली आहे आणि ते चरित्र १८१७ साली, म्हणजे भाषणानंतर बेचाळीस वर्षांनी आणि हेन्री यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते भाषण ऐकले होते, त्यांच्या आठवणी गोळा करून, विशेषतः सेंट जॉर्ज टकर यांच्या आठवणीच्या आधारे, वर्ट यांनी ते उभे केले. उत्तरेकडून येणारा पुढचा वारा शस्त्रांचा खणखणाट आपल्या कानी आणील, असे एक वाक्य त्यात आहे. भाषणानंतर चारच आठवड्यांनी, १९ एप्रिल १७७५ रोजी, लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड येथे इंग्रजांविरुद्धच्या लढाईला तोंड फुटले. त्यामुळे हे वाक्य वाचताना बोलणाऱ्याच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते आणि त्याच वेळी पुढचा इतिहास ठाऊक असलेल्या चरित्रकाराचा हातही तेथे फिरला असावा, अशी शंका येते.

या बाबतीत आपण पुण्याची माणसे भाग्यवान आहोत, असे मला वाटले. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथे स्वराज्यावर मराठीतून जी भाषणे केली, ती त्यांना गुन्हेगार ठरवू पाहणाऱ्या सरकारनेच टिपून घेतली आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर करवून न्यायालयापुढे ठेवले. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी टिळकांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द केला. त्या खटल्यामुळे ते शब्द कागदावर राहिले. हेन्री यांच्या भाषणावर असा खटला झाला नाही आणि म्हणून त्यांचे नेमके शब्द हवेत विरले. आम्ही ठरवले की ही गोष्ट श्रोत्यांपासून लपवायची नाही. ‘हे भाषण आज ज्या रूपात उपलब्ध आहे, त्या रूपात’ हे शब्द निवेदनाच्या पहिल्याच वाक्यात घातले.

मूळ भाषण बाराशेच्या आसपास शब्दांचे आहे. मला वाटले होते की आठवड्याभरात काम होईल. प्रत्यक्षात सहा आठवडे लागले. सुरुवात सोपी गेली. रिचमंडमधल्या ज्या चर्चमध्ये ही सभा भरली, त्याला आज सेंट जॉन्स चर्च म्हणतात. सभेचे अध्यक्ष पेटन रँडॉल्फ होते आणि सभासदांमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन व टॉमस जेफरसन हेही बसलेले होते. व्हर्जिनियाने आपल्या संरक्षणासाठी सशस्त्र दल उभारावे, असा ठराव हेन्री यांनी मांडला होता आणि राजाकडे आणखी एकदा विनवणी करून पाहावी असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर देत होते. दर दोन वाक्यांनंतर ते अध्यक्षांना संबोधतात. तेथे ‘महोदय’ लिहिले तर ते अर्जातल्यासारखे वाटे. आपल्या विधिमंडळात रुळलेले ‘अध्यक्ष महाराज’ लिहिले आणि भाषणाला एकदम सभेचा आवाज आला. आधी बोललेल्यांच्या देशभक्तीविषयी आदर व्यक्त करून मग त्यांच्याशी पूर्ण मतभेद नोंदवण्याची हेन्री यांची रीत तर आपल्याकडच्या सभांत वाढलेल्या माणसाला मुळीच अनोळखी नाही.

इंग्रजांच्या गोड बोलण्याला भुलू नका, चुंबनाने होणाऱ्या विश्वासघाताला बळी पडू नका, असे हेन्री सांगतात. येशूला पकडून देताना जूदासने घेतलेल्या चुंबनाचा हा संदर्भ त्या चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येकाला समजला असणार. मी टीप देण्याचा विचार केला होता, पण ऐकणाऱ्याला टीप दिसत नाही. शेवटी ‘केसाने गळा कापणाऱ्यांपासून सावध राहा’ असे लिहिले. बायबलचा संदर्भ गेला याची खंत आहे. मात्र प्रेम दाखवत केलेल्या घाताचा अर्थ पूर्ण उतरला.

त्याहून अवघड होते ते ‘शांतता’ हे वाक्य. लोक शांतता, शांतता म्हणतील, पण शांतता उरलेलीच नाही, असे हेन्री म्हणतात. मी तसे लिहिले आणि पहिल्या तालमीत आमच्या लक्षात आले की भर सभेत कोणी मोठ्याने ‘शांतता, शांतता’ म्हटले की मराठी श्रोत्याला गोंगाट थांबवणारा सूत्रसंचालक आठवतो. ‘शांती’ घातले तर मंत्रपठणाचा भास होई. दोन दिवस विचार केल्यावर ‘सलोखा’ हा शब्द सापडला. “सलोखा, सलोखा असा कोणी कितीही घोष करोत, अध्यक्ष महाराज, सलोखा उरला आहे कोठे?” हे वाक्य माझ्या नातीने ऐकताक्षणी न अडखळता परत म्हणून दाखवले, तेव्हा ते जमले अशी माझी खात्री पटली.

आता मी त्या शब्दाकडे येते, ज्याच्यामुळे हे काम माझ्यासाठी भाषांतरापुरते राहिले नाही. इंग्रजांपुढे मान तुकवणे म्हणजे काय, हे सांगताना हेन्री पुन्हा पुन्हा गुलामीचा शब्द वापरतात. माघारीचा एकच मार्ग आहे आणि तो शरणागतीचा व गुलामीचा आहे. आपल्या बेड्या घडवून तयार आहेत. आयुष्य इतके प्रिय आणि सलोखा इतका गोड आहे काय, की तो बेड्यांच्या आणि गुलामीच्या मोलाने विकत घ्यावा? माझ्या पहिल्या मसुद्यात मी या सर्व ठिकाणी ‘पारतंत्र्य’ आणि ‘दास्य’ हे शब्द घातले होते. ते सहज आले, कारण आपल्याकडे देशाच्या स्वातंत्र्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात हेच शब्द असतात. वाक्ये भारदस्त झाली होती आणि मी समाधानी होते.

भाषण वाचणार होती माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती आता शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करते. तिने माझा मसुदा मूळ इंग्रजीशी ताडून पाहिला आणि दुसऱ्या तालमीला आली ती एक प्रश्न घेऊन. “बाई, येथे सगळीकडे पारतंत्र्य का लिहिले आहे? मूळात गुलामगिरी आहे. आणि हे बोलणाऱ्या माणसाच्या घरी तर खरेखुरे गुलाम होते ना?”

होते. हेन्री मळेवाले जमीनदार होते आणि १७९९ साली ते वारले तेव्हा त्यांच्या मालकीचे साठाहून अधिक गुलाम होते. त्या सभेतले वॉशिंग्टन आणि जेफरसन हेही गुलामांचे मालक होते. मला हे ठाऊक होते; तरीही मी निवडलेल्या शब्दाने ते अलगद झाकले गेले होते. पारतंत्र्य एका देशाला दुसऱ्या देशामुळे येते. गुलामगिरीत माणूस विकला जातो, त्याची मुले विकली जातात. हेन्री यांनी पहिल्या अर्थासाठी दुसरा शब्द वापरला आणि तो दुसरा शब्द त्यांच्या स्वतःच्या मळ्यावर रोज खरा ठरत होता. मराठीत दोन वेगळे शब्द उपलब्ध असल्यामुळे मी नकळत त्यांची त्या विसंगतीतून सुटका करून टाकली होती. चाळीस वर्षे भाषा शिकवलेल्या माणसाकडून हे व्हायला नको होते. माझ्या विद्यार्थिनीने ते दाखवून दिले, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

त्या रात्री मी सगळे ‘पारतंत्र्य’ खोडून ‘गुलामगिरी’ लिहिले. हा शब्द लिहिताना पुण्यात बसलेल्या माणसाला दुसरे काही आठवूच शकत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी दाखवलेल्या निरपेक्ष व परोपकारी वृत्तीबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत आहे आणि माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छाही आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपूर्णपणे बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये संमत झाली होती. हेन्री यांच्या भाषणापासून त्या दुरुस्तीपर्यंत नव्वद वर्षे गेली. दुरुस्तीपासून पुण्यातल्या या ग्रंथापर्यंत आठच. पुढच्या रविवारी आम्ही दोघी गंज पेठेतल्या फुलेवाड्यात जाऊन आलो. तेथे बघण्यासारखे फार काही नाही, असे कोणी म्हणेल. आम्ही मात्र अर्धा तास आवारात नुसत्या बसून होतो आणि उठताना आमचे एकमत झाले की हेन्री यांचे भाषण एकटे वाचायचे नाही.

त्याच्या जोडीला काय वाचायचे, तेही हेन्री यांच्याच लेखणीतून मिळाले. जानेवारी १७७३ मध्ये, म्हणजे त्या भाषणाच्या दोन वर्षे आधी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते रॉबर्ट प्लेझंट्स यांना लिहिलेल्या पत्रात हेन्री यांनी गुलामगिरीचा निषेध केला आहे, आणि मी स्वतः विकत घेतलेल्या गुलामांचा मालक आहे यावर कोणाचा विश्वास बसेल काय, असेही विचारले आहे. गुलामांवाचून जगणे गैरसोयीचे आहे म्हणून मी या प्रवाहात ओढला जातो. याचे समर्थन मी करणार नाही, मला ते करता येणार नाही, असे ते लिहितात. ही कबुली मनापासून दिलेली आहे, असे मला वाटते. त्यामुळेच ती वाचणे जड जाते. कारण पुढच्या सव्वीस वर्षांत त्यांनी त्या गुलामांना मुक्त केले नाही.

आणखी एक नोंद आम्ही निवेदनात घेतली. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचे इंग्रज गव्हर्नर डनमोर यांनी जाहीरनामा काढला की बंडखोर मालकांचे जे गुलाम पळून येऊन राजाच्या बाजूने लढतील, त्यांना मुक्त केले जाईल. शेकडो गुलाम धावून गेले. हेन्री यांच्या बाजूने लढणाऱ्या कल्पेपर परगण्याच्या सैनिकांच्या सदऱ्यांवर ‘स्वातंत्र्य किंवा मृत्यू’ असे शब्द होते आणि डनमोर यांच्या काळ्या पलटणीच्या गणवेशावर ‘गुलामांना स्वातंत्र्य’ असे शब्द होते, असे सांगितले जाते. हा उल्लेख ऐकून आमचे वकीलसाहेब म्हणाले की आता या भाषणाचा दिवस आणि आपला दिवस एक असल्याची मला अडचण वाटत नाही. त्यांनी याचा अधिक खुलासा केला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

शेवटचे वाक्य मात्र अखेरपर्यंत सुटेना. ‘मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या’ असे ते आपण शाळेपासून ऐकतो. मराठीत ‘द्या’ म्हटले की समोर दाता उभा राहतो. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ या वाक्यावर वाढलेल्या कानांना स्वातंत्र्य मागून घेणे कमीपणाचे वाटते. वकीलसाहेबांचा आग्रह होता की ‘मला स्वातंत्र्य हवे, ते नसेल तर मरण’ असे करावे. मीही जवळजवळ तयार झाले होते. तेवढ्यात माझ्या विद्यार्थिनीने मागच्या वाक्याकडे बोट दाखवले. बेड्यांच्या मोलाने जगण्याचा प्रश्न विचारल्यावर हेन्री म्हणतात, हे सर्वशक्तिमान परमेश्वरा, तसे न होवो. आणि मग लगेच हे शेवटचे वाक्य येते. म्हणजे हे मागणे राजाकडे नसून देवाकडे आहे, असेही वाचता येते. तसे असेल तर मराठीत ‘द्या’ येणारच नाही. आपण देवाशी तुकोबांच्या काळापासून एकेरीत बोलतो आणि त्याच्यापाशी हक्काने मागतो. “इतरांनी कोणता मार्ग धरावा, ते मी जाणत नाही, मला मात्र स्वातंत्र्य दे, नाहीतर मरण दे.” मी हेच ठेवले. वकीलसाहेबांना ते पटलेले नाही आणि त्यांचा मुद्दाही खोटा नाही, कारण सगळे भाषण अध्यक्षांना उद्देशून असताना एकच वाक्य देवाकडे वळते, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात यायला वाचणाऱ्याचे कौशल्य लागते.

कार्यक्रमासाठी ठरवलेल्या सभागृहाच्या कार्यालयाने तीन दिवस आधी कळवले की आमची नोंद त्यांच्या वहीत नाही. तोंडी होकारावर विसंबून आम्ही पावती घेतली नव्हती. गटातल्या एकांनी नारायण पेठेतल्या आपल्या जुन्या वाड्याचा चौक देऊ केला. केसरीवाडा तेथून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. चौकात ध्वनिक्षेपक लावायची सोय नव्हती, म्हणून शेवटची तालीम आम्ही तेथेच घेतली आणि लांब वाक्ये कोठे तोडायची, ते एका श्वासाच्या मापाने पुन्हा ठरवले. या एका कारणासाठी त्या सभागृहाचे उपकारच झाले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हेन्री यांनीही ते भाषण उघड्या आवाजातच केले होते.

२३ मार्चला रविवार होता. साठेक माणसे आली. सतरंज्या पुरल्या नाहीत तेव्हा काही जण जिन्यावर आणि वरच्या सज्जात बसले. सज्जातल्या माणसांकडे पाहून मला कर्नल एडवर्ड कॅरिंग्टन यांची गोष्ट आठवली. त्या दिवशी चर्चमध्ये जागा नसल्याने ते खिडकीबाहेर उभे राहून भाषण ऐकत होते आणि ते संपल्यावर, मला याच जागी पुरा, असे म्हणाले, अशी आख्यायिका आहे. त्यांची कबर आजही त्या चर्चच्या आवारात आहे.

माझ्या विद्यार्थिनीने सावकाश सुरुवात केली. अनुभवाचा दिवा हाच माझ्या पावलांना वाट दाखवणारा एकमेव दिवा आहे, या वाक्यापर्यंत तिचा आवाज संथ होता; पुढे राजाकडे केलेल्या अर्जविनंत्यांची यादी येऊ लागली तसा तो चढत गेला. ‘गुलामगिरी’ हा शब्द ती दर वेळी अगदी स्पष्ट, दोन्ही बाजूंना किंचित थांबून उच्चारीत होती. हे मी तिला सांगितलेले नव्हते. शेवटच्या वाक्याआधी तिने कागद खाली केला, चौकावरच्या आकाशाकडे पाहिले आणि ते वाक्य म्हटले. वकीलसाहेबांची हरकत होती ती नेमक्या याच वळणाला, आणि ते वळण तिने नुसत्या नजरेने दाखवले.

टाळ्या वाजण्याआधीच, ठरल्याप्रमाणे, तिने दुसरा कागद उचलून हेन्री यांच्या पत्रातला उतारा वाचला. त्यानंतर फुल्यांची अर्पणपत्रिका मी वाचली. चौकात पूर्ण शांतता होती. मागाहून कोणीतरी मला म्हणाले की तुम्ही टाळ्यांची वेळ घालवलीत. पण ती वेळ टाळ्यांची नव्हती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. मग वकीलसाहेब उठले आणि त्यांनी राजगुरूंविषयीचे आपले टिपण वाचले. त्याची सुरुवात त्यांनी भगतसिंगांच्या वहीपासून केली होती, हे मला तेव्हाच कळले.

निघताना त्यांनी माझ्याकडून भाषांतराची प्रत मागून घेतली. तीन दिवसांनी ती परत आली, तेव्हा शेवटच्या वाक्यातला ‘दे’ त्यांनी पेन्सिलीने खोडून पुन्हा ‘हवे’ केला होता आणि खाली एक सूचना लिहिली होती. गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचे नाते काय, असा प्रश्न विचारणारे भाषण केले होते. आता ते मराठीत आणावे, असे त्यांचे म्हणणे आहे. ते भाषण हेन्री यांच्या भाषणाच्या कित्येक पटींनी लांब आहे. माझ्या विद्यार्थिनीने आणि मी ते वाटून घेतले आहे आणि या वेळी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द कोठे कोठे येतो, त्याची यादी आम्ही आधीच करून ठेवली आहे.